सात तुकड्यांची प्लेट आणि दिवाळीचा चहा

पत्र: "सासूबाईंच्या माहेरून आलेला चिनी मातीचा सेट आमच्याकडे आहे. त्यातल्या निळ्या फुलांच्या मोठ्या प्लेटचे सात तुकडे झाले. मुलाने फेव्हिक्विकने सहा जोडले, पण सातवा काही केल्या बसत नाही. काठाचा शेंगदाण्याएवढा टवका तर सापडलाच नाही. एका कपाचा कान दोन ठिकाणी तुटला आहे, किटलीच्या तोटीचं टोक उडालं आहे. शिवाय लोणच्याच्या बरणीला उभी चीर गेली असून तिच्यातून खार पाझरतो. दुधात उकळलं की चीर भरून येते म्हणतात, ते खरं का? दिवाळीला याच सेटमध्ये चहा द्यायचा मनात आहे. वरून रंग देऊन जोड दिसणार नाही असं घरी जमेल का?" – एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

ताई, आधी चहाचं सांगून टाकू, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. जोडलेल्या कपात आणि जोडलेल्या प्लेटमध्ये खाणंपिणं नको. घरगुती वापराचं इपॉक्सी, म्हणजे दोन ट्यूब मिसळून करायचा गोंद, साधारण ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतं, आणि कपात ओतलेला चहा ८० अंशांच्या आसपास असतो. कान पाहुण्यांच्या बोटांत आणि कप मांडीवर, असा तो प्रसंग होईल. शिवाय ही चिकटद्रव्यं अन्नाला लागावीत म्हणून बनवलेलीच नसतात. तेव्हा जोडलेल्या वस्तू काचेच्या कपाटात. किटली मात्र बहुधा वापरता येईल. तिच्याकडे शेवटी येऊ.

दुधाच्या उपायात तथ्य आहे, पण अगदी जुजबी. दुधातलं केसिन चिरेत शिरून बसतं आणि बारीक पाझर काही दिवस थांबतो. केसिन आणि चुना कालवून केलेला गोंद पूर्वी खरोखरच भांडी जोडायला वापरत. पण नुसत्या दुधाच्या थराला ताकद नसते, चिरेत राहिलेलं दूध आंबतं, आणि उकळताना तापून फाकणारी चीर इंचभर पुढे सरकली तर होतं तेही भांडं गेलं. हा उपाय सोडून द्या.

आता प्लेट. सातवा तुकडा का बसत नाही, ते आधी समजून घ्या. प्रत्येक जोडात गोंदाचा थर राहतो. तो कागदाएवढा जरी असला तरी सहा जोडांत मिळून अर्ध्या मिलिमीटरहून जास्त जागा खातो, आणि तेवढीच जागा सातव्याला कमी पडते. त्यात एखादा तुकडा केसभर तिरका बसला की ती चूक काठापर्यंत पोचेतो वाढत जाते. आणखी एक कारण असतं, ते सहसा लक्षात येत नाही: भट्टीतून निघालेल्या चिनी मातीत ताण अडकलेला असतो. भांडं फुटलं की तो सुटतो आणि तुकडा किंचित उसळून आपला मूळ बाक सोडतो. असा तुकडा नुसता ठेवून जुळत नाही, चिकटपट्टीने ओढून आणावा लागतो. सातव्याला कानस लावून तो बसवण्याच्या भानगडीत कृपा करून पडू नका. आधीचे सगळे जोड सोडवा.

फेव्हिक्विक ॲसिटोनमध्ये विरघळतं. नेलपॉलिश रिमूव्हर चालेलच असं नाही. बऱ्याच बाटल्यांत ॲसिटोन नसतं, असलं तरी त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. प्रयोगशाळेची रसायनं ठेवणाऱ्या दुकानातून शुद्ध ॲसिटोनची लहान बाटली आणा. कापसाच्या पट्ट्या त्यात भिजवून प्रत्येक जोडावर खालून-वरून ठेवा, वर ॲल्युमिनियम फॉइल दाबा, प्लेट स्टीलच्या परातीत ठेवून वर दुसरी परात पालथी घाला. चार-सहा तासांनी बघा. तुकडा आपणहून हलला पाहिजे, ओढायचा नाही. नाही सुटला तर ताजं ॲसिटोन आणि आणखी एक रात्र. ॲसिटोनची वाफ झटकन पेट घेते, म्हणून हे काम गॅलरीत करा. गॅस, निरांजन, उदबत्ती, काही म्हणजे काही जवळ नको.

तुकडे सुटले की कडा साफ करणं हेच खरं काम, आणि कंटाळवाणंही तेच. मेडिकलमध्ये १५ नंबरचं सर्जिकल ब्लेड मिळतं, त्याची धार गोलसर असते. भिंग धरून कडेवरची जुन्या गोंदाची पापडी त्याने खरवडा. ब्लेड कडेच्या लांबीने चालवा. आडवं चालवलंत तर झिलईचा टवका उडेल, आणि तो टवका जोडल्यावर पांढऱ्या रेघेसारखा कायम दिसत राहील. मग कोमट पाणी, भांडी घासायचं लिक्विड आणि मऊ टूथब्रश. कडा पिवळ्या-तपकिरी झाल्या असतील तर मेडिकलमधलं ६ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड कापसावर घेऊन कडांवर ठेवा, वर प्लॅस्टिक गुंडाळून दिवसभर राहू द्या, नंतर स्वच्छ धुवा. ब्लीच किंवा संडास धुवायचं ॲसिड अजिबात नको. सोनेरी काठ आणि झिलईवरचे रंग त्याने उतरतात.

फुटक्या कडेवर पाण्याचा थेंब सोडून बघा. थेंब तसाच राहिला तर ती पक्की भाजलेली पोर्सलीन. एक दिवस वाळली की पुरे. शोषला गेला तर माती सच्छिद्र आहे. तिला दोन-तीन दिवस द्या. ओल राहिलेल्या कडेवर इपॉक्सी पकड घेत नाही. वाळल्यावर ॲसिटोनच्या बोळ्याने शेवटचं पुसून घ्या आणि त्यानंतर कडांना बोट लावू नका. बोटाचं तेलही जोडाला नडतं.

गोंद उघडण्याआधी सगळी प्लेट एकदा कोरडीच जुळवा. तुकड्यांना मागून पेन्सिलीने आकडे द्या. सुरुवात बुडाखालच्या गोल कड्यापासून, मग बाहेर काठाकडे. जोडाच्या आडव्या, इंचभर लांबीच्या पारदर्शक चिकटपट्ट्या ताणून लावा, एक वरून आणि तिच्या बरोबर खाली एक मागून. एकाच बाजूने लावल्या तर जोड दुसऱ्या बाजूला फाकतो. मग डोळे मिटून नख जोडावरून दोन्ही दिशांनी फिरवा. एका दिशेने जाताना अडकलं आणि उलट येताना घसरलं, तर ज्याच्या कडेवर अडकलं तो तुकडा वर उचललेला आहे. डोळ्यांना न दिसणारी पायरी नखाला कळते. याच वेळी कुठला तुकडा कोणाच्या आधी बसवला तर पुढचा आत शिरूच शकत नाही, हेही समजेल. पाचरीच्या आकाराचे तुकडे असेच अडवून धरतात. क्रम कागदावर लिहून ठेवा.

गोंद कुठला? हळू वाळणारं, दोन ट्यूबचं साधं इपॉक्सी, म्हणजे स्टँडर्ड अ‍ॅराल्डाइट. पाच मिनिटांवालं नको; तिसरा तुकडा बसवेपर्यंत पहिला घट्ट झालेला असतो आणि दुरुस्तीला वाव राहत नाही. फेव्हिक्विक तर नकोच: ते ठिसूळ, पाण्याने आणि उष्णतेने कमजोर होणारं, आणि सेकंदात धरणारं. मुलाचं चुकलं ते एवढंच.

जुन्या टाइलवर दोन्ही ट्यूबमधून सारख्या लांबीच्या, दोन-दोन सेंटीमीटरच्या रेघा काढा. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालण्याची सवय आपल्याकडे फार आहे. त्याने वाळणं लवकर होत नाही. जास्तीचा हार्डनर शिल्लक राहतो आणि जोड रबरासारखा चिकट राहतो. काडीने पूर्ण दोन मिनिटं मिसळा, टाइलवरून खरवडून पुन्हा मिसळा. हे इपॉक्सी पिवळसर असतं, म्हणून पांढऱ्या प्लेटसाठी त्यात टिटॅनियम व्हाइटची कोरडी पूड चिमटीभर घाला. ट्यूबमधला ओला ॲक्रिलिक रंग घालू नका, त्यात पाणी असतं.

गोंद एकाच कडेला, टूथपिकने, इतका पातळ की खालची माती दिसावी. झिलईकडच्या बाजूला मिलिमीटरभर जागा कोरडी सोडा. दाबल्यावर गोंद तिथवर आपोआप येतो. तुकडा बसवा, हलकेच दाबत किंचित मागेपुढे सरकवा. आत ‘टक्’ असा स्पर्श जाणवतो, तिथे मातीला माती भिडली. लगेच पट्ट्या, लगेच नखाची परीक्षा. सगळे सात तुकडे एकाच बैठकीत बसवा, कारण गोंद ओला आहे तोवर चूक वाटून घेता येते. हाताशी तासभर असतो. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात अर्धा तासच धरा. मग प्लेट कोरड्या वाळूच्या परातीत अशी रोवा की वरचा तुकडा स्वतःच्या वजनाने जोडावर सरळ बसेल. वाळू चाळून, धुवून, वाळवून घेतलेली असावी, नाहीतर ओल्या गोंदाला कण चिकटतील.

उरलेल्या गोंदाचा थेंब टाइलवर तसाच ठेवा. तो तुमचा साक्षीदार. पाच-सहा तासांनी त्यात नख रुतलं पण गोंद नखाला लागला नाही, की जोडातून बाहेर आलेला गोंद ब्लेडने कापायची वेळ झाली. या वेळी तो चामड्यासारखा सुटून येतो. दुसऱ्या दिवशी तोच दगड झालेला असतो. पट्ट्या २४ तासांनी काढा, पूर्ण ताकद यायला आठवडा द्या. थंडीत हे गणित बदलतं. डिसेंबर-जानेवारीत नाशकातला पारा रात्री १० अंशांखाली उतरला की इपॉक्सीची प्रक्रिया जवळजवळ थांबते. दोन दिवसांनीही जोड सरकतो आणि दोष ट्यूबवर येतो. त्या दिवसांत खोक्यात ४० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून प्लेट फूटभर लांब ठेवावी. तुम्हाला दिवाळीच्या आधीच करायचं आहे, तेव्हा हा प्रश्न येणार नाही.

काठाचा टवका भरायला वॉल पुट्टी किंवा प्लास्टर ऑफ पॅरिस वापरू नका. त्यांची पातळ धार काठावर टिकत नाही, भुगा होतो. एम-सील ओबडधोबड कामाला उत्तम, पण तिची धार कागदाएवढी पातळ ओढता येत नाही. त्यापेक्षा तेच इपॉक्सी घ्या आणि त्यात शंखजिऱ्याची बारीक पूड मळत जा, चपातीच्या कणकेइतकं घट्ट होईपर्यंत. इपॉक्सीच्या दीडपट-दुप्पट पूड सहज जाते. थोडं टिटॅनियम व्हाइटही घाला. सुगंधी टाल्कम टाळा, आणि कॅरमची पावडर तर नकोच. तिच्यात बहुधा बोरिक ॲसिड असतं.

टवक्याच्या मागे आधार हवा. दंतवैद्यांना साहित्य पुरवणाऱ्या दुकानात गुलाबी मेणाचे पातळ पत्रे मिळतात. काठाच्या चांगल्या भागावर कोमट मेण दाबून आकार घ्या, तो सरकवून टवक्यामागे बसवा, आणि समोरून लगदा भरा. शंखजिरं लावलेल्या बोटाने दाबा. अर्धा मिलिमीटर वर राहू द्या. इपॉक्सी फारसं आक्रसत नाही, पण घासायला माया लागते.

दोन दिवसांनी घासायला घ्या. मेन रोडला किंवा रविवार कारंजाच्या बाजूला हार्डवेअरवाल्याकडे पाण्याचा पॉलिश पेपर मागा: ४००, ८००, १२०० नंबर. आधी टवक्याभोवतीच्या झिलईवर चिकटपट्टीचे दोन थर लावा. पॉलिश पेपरचा कण झिलईपेक्षा खूप कठीण असतो, आणि झिलईवर पडलेला ओरखडा घरी कुणालाच काढता येत नाही. बोटाएवढा तुकडा पेन्सिलीच्या मागच्या रबराभोवती गुंडाळा, पाणी लावून घासा. कोरडं घासलंत तर धूळ नाकात जाते. ठीक झालं वाटलं की पातळ पांढरा रंग फिरवा. भोकं आणि खाचा लगेच उघड्या पडतील. भरा, पुन्हा घासा. दोनदा तरी करावं लागतंच.

आता रंग. इथे बहुतेकांची फसगत पांढऱ्यावर होते, निळ्यावर नाही. जुनी चिनी माती कधीच शुद्ध पांढरी नसते. कलाकारांचे ॲक्रिलिक रंग घ्या. टिटॅनियम व्हाइटचा वाटाण्याएवढा ठिपका, त्यात टाचणीच्या डोक्याएवढा यलो ऑकर आणि त्याहून कमी रॉ अंबर. तुमची प्लेट निळसर झाकेची असेल तर ऑकरऐवजी अल्ट्रामरीनची टोकभर छटा. मिश्रण थेट प्लेटवर लावू नका. पारदर्शक प्लॅस्टिकच्या पट्टीवर लावा, वाळू द्या, मग ती पट्टी प्लेटवर धरून बघा. ॲक्रिलिक वाळल्यावर थोडं गडद होतं, ओल्याशी जुळवलेला रंग म्हणूनच हमखास चुकतो. आणि हे सकाळी दहा-अकराच्या सुमारास, खिडकीपाशी पण उन्हात नव्हे. एलईडीखाली तंतोतंत जुळलेला पांढरा दिवसा गुलाबी निघतो.

जाड एक थर देण्यापेक्षा पातळ पाच-सहा द्या, मध्ये तासाभराची विश्रांती. रंग फक्त भरावावर आणि जोडाच्या रेघेवर. पलीकडे दोन मिलिमीटर जवळजवळ कोरड्या ब्रशने विरळ करत न्या. जोड झाकायच्या नादात अर्धी प्लेट रंगवून काढलेल्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. मूळ चित्र झाकलं गेलं तर दुरुस्ती कशाची केली?

निळी फुलं झिलईच्या खाली आहेत का वर, ते बोटाने पाहा. बोट सरळ गुळगुळीत गेलं तर खाली. मग पांढऱ्यावर फूल रंगवून त्यावर चकाकीचे थर द्यावे लागतील, तरच तो खोलपणा येतो. कोबाल्टचा तो निळा ट्यूबमधल्या नुसत्या निळ्याने येत नाही, भडक दिसतो. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट अंबरचा कण घातला की तो मवाळ होतो. पाकळीची कडा जराशी पसरलेली असते, तेव्हा रेघ काढल्यावर ओलसर ब्रशने तिला हलकं थोपटा. ब्रश ० आणि ००० नंबरचे पुरतात. सोनेरी काठासाठी ब्रॉन्झ पावडर नको. ती पितळेची असते, वर्षभरात काळपटते. अभ्रकाची सोनेरी पूड ॲक्रिलिक ग्लॉस मीडियममध्ये मिसळा.

शेवटी पाण्यात मिसळणाऱ्या ग्लॉस व्हार्निशचे दोन-तीन पातळ थर. तेलाचं व्हार्निश पिवळं पडतं. स्प्रेचं लॅकर पावसाळी हवेत दुधाळ होतं, म्हणून जुलै-ऑगस्टात त्याच्या वाटेला जाऊ नये.

एवढं केल्यावर हातभर अंतरावरून जोड दिसणार नाही. नाकाशी धरून बघितलं तर दिसेल, आणि नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली इपॉक्सी आणि रंग बहुधा वेगळेच उठून दिसतात. त्यात कमीपणा नाही. मात्र प्लेट कधी विकलीत तर दुरुस्ती सांगून विका.

जोड लपवण्याऐवजी सोन्याने मिरवायची जपानी किंत्सुगी पद्धत तुमच्या कानावर आली असेल. किटमध्ये मिळते ती इपॉक्सी आणि सोनेरी पूड, म्हणजे वरचंच काम. खरी पद्धत उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाची. ते झाड आंब्याच्या, बिब्ब्याच्या कुळातलं, आणि चीकही अंगावर बिब्बा उतावा तसाच उततो. शिवाय तो वाळायला कोरडी नाही, दमट हवा लागते, आणि थरामागून थर देत आठवडे जातात. घरी पहिल्याच प्रयोगाला ते घेऊ नये.

तयार प्लेट तारेच्या स्प्रिंगच्या हँगरवर भिंतीला टांगू नका. स्प्रिंग काठांना सतत आत ओढते आणि एके दिवशी जोड सुटतो. लाकडी स्टँड घ्या, खिडकीपासून लांब ठेवा. उन्हाने इपॉक्सी पिवळं पडतं. धूळ मऊ ब्रशने झटका, पाण्यात बुडवू नका.

कपाचा कान एका गोष्टीपुरता वेगळा. कानाचे तुकडे आधी आपसात जोडून मग कपाला लावण्याचा मोह होतो. तसं केलं की केसभर फरकानेही त्याची दोन्ही टोकं कपाला एकाच वेळी टेकत नाहीत. सगळे जोड एकाच वेळी, ओल्या गोंदात बसवा. कप वाळूत आडवा, कान बरोबर वर. पुढे कप उचलायचा तो दोन हातांनी अंगाला धरून, कानाला नाही.

बरणीचा नाद सोडा. चिरेत तेल आणि मीठ मुरलेलं आहे. तेलावर गोंद धरत नाही, आणि मिठाचे खडे वाढत जाऊन झिलई आतून उचकटतात. आठवडाभर रोज पाणी बदलत भिजवा, नीट वाळवा, आणि सुतळी-पिशव्या ठेवायला वापरा. लोणच्याला दुसरी बरणी घ्या.

राहिली किटली. तिचा टवका मुळीच भरू नका. भरला तर गरम चहा रोज त्याच इपॉक्सीवरून ओतला जाईल. त्याऐवजी उडालेल्या टोकाची धार ६०० आणि मग १२०० नंबरच्या पाण्याच्या पेपरने बोटाला टोचणार नाही इतकी घासून गोल करा, भोवतीची झिलई पट्टीने झाकून. टोकावर थेंब टाकून बघा. शोषला गेला नाही तर तिथे चहा मुरण्याची भीती नाही. शोषला गेला तर डाग पडत जातील, मग किटलीही कपाटातच बरी. आता झाकण काढा, किटली तळहातावर ठेवा आणि बोटाच्या पेराने अंगावर टिचकी मारा. खणखणीत आवाज आला तर भांडं अखंड आहे. बद्द आवाज आला तर कुठेतरी न दिसणारी चीर आहे, आणि त्या किटलीत उकळता चहा नको. परीक्षेत पास झाली, तर दिवाळीला चहा ओतण्याआधी ती कोमट पाण्याने विसळून घ्या. गार किटलीत एकदम उकळता चहा पडला तर नवी चीर जाऊ शकते. ओतताना तोटीवरून थेंब मागे ओघळेल, टोक आखूड झाल्यामुळे. खाली बशी ठेवा.